कड्यावर न डगमगणारी मुलगी स्पर्धेच्या सकाळी का घाबरते?

सप्रेम नमस्कार,

तुमची लेक अकरावी सायन्सला. सह्याद्रीतल्या तैलबैलाच्या कातळभिंतीवर बिनधास्त चढते, पण क्लायंबिंग वॉलवर स्पर्धा असली की त्या सकाळी उलट्या. आणि आता बारावीनंतर क्रीडा मानसशास्त्रच शिकायचं म्हणते. तुम्ही विचारलंय, ‘जिला स्वतःचं मन आवरत नाही ती दुसऱ्यांना काय सांगणार? आणि जीव धोक्यात घालायचं हे वेड आलं कुठून?’

आधी वेडाचं बघू. मार्विन झुकरमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये थराराची ओढ मोजणारी प्रश्नावली तयार केली. पुढे त्या ओढीचे चार पदर निघाले : साहसाची आवड, नव्या अनुभवांची भूक, बंधनं झुगारणं आणि लवकर कंटाळणं. डोंगर चढणाऱ्यांमध्ये सहसा पहिले दोन ठळक दिसतात. म्हणजे कड्यावर जाणारी मुलगी उद्या गाडी बेफाम हाकेल, असं मुळीच नाही. एकदा तिच्यासोबत जा आणि चढण्याआधी तिचे हात बघा. दोराची गाठ ती स्वतः तपासते का? खाली दोर धरणाऱ्या जोडीदाराचं हार्नेस, म्हणजे कमरेचा सुरक्षापट्टा, ओढून बघते का? तसं करत असेल, तर तिला धोका कळतो आणि तो सांभाळताही येतो.

आता उलट्या. थराराची ओढ आणि चिंता ही एकाच काट्याची दोन टोकं नाहीत. दोन्ही एकाच माणसात सुखाने नांदतात. तैलबैलाला तिला कोणी गुण देत नाही. स्पर्धेत मात्र, विशेषतः लीड प्रकारात, म्हणजे दोर स्वतः अडकवत वर चढायच्या प्रकारात, आधीच्या स्पर्धकांची चढाई दिसू नये म्हणून पाळी येईपर्यंत वेगळ्या खोलीत बसवतात. मोबाइलही नाही. हाताला खडूची पूड लावून पोर तिथे बसून राहते आणि डोक्यात एकच, ‘सगळे बघताहेत, पडले तर?’ ही भीती उंचीची नाही, लोकांनी जोखण्याची आहे. मग पकड गरजेपेक्षा घट्ट होते, हात लवकर भरून येतात. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी नवख्यांना भिंतीवरच्या एकसारख्याच पकडींवरून (धरायच्या खुंट्यांवरून) एकदा जमिनीलगत आणि एकदा उंचावर आडवं सरकायला लावलं. उंचावर त्यांना वेळ जास्त लागला आणि स्नायूही जास्त थकले. चिंता अशी थेट हातांत उतरते.

आपल्या कोल्हापूरचा नेमबाज स्वप्नील कुसाळे, तेव्हा पुण्यात रेल्वेत नोकरी करणारा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकलं त्या सकाळी पोटात कालवाकालव होती, काळ्या चहाशिवाय काही घेतलं नव्हतं, असं त्यानेच सांगितलं. पोटात गोळा येतो म्हणून कोणी नालायक ठरत नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच. उलट हा अनुभव घेतलेली मुलगी उद्या समोरच्या खेळाडूचं बोलणं जास्त नीट ऐकेल, असं मला मनापासून वाटतं. फक्त उलट्या दरवेळी होत असतील, तर आधी डॉक्टरांना आणि मग समुपदेशकाला दाखवा. हे टाळू नका.

शिक्षणाचं म्हणाल, तर बारावी सायन्स पूर्ण करू दे, ते वाया जात नाही. पदवीला मानसशास्त्र पुण्यातच मिळेल, पुढे एम.ए.साठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा विभाग आहे. क्रीडा मानसशास्त्राची स्वतंत्र एम.ए. मणिपूरच्या राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठात आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांवर उपचार करणारी मानसशास्त्रज्ञ, व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, हे आत्ताच लक्षात ठेवा. पगारी जागा कमी आहेत. बरेच जण अकादम्यांची कामं करता करता शाळांत समुपदेशनही करतात. पहिली काही वर्षं ओढाताणीची जातील, तेवढी घरची तयारी ठेवा.

आणि पुढच्या स्पर्धेच्या सकाळी ‘घाबरलीस का?’ असं विचारू नका. ‘शांत हो’ही नको. धडधडत्या छातीला ‘मी उत्सुक आहे’ असं नाव दिलं की कामगिरी सुधारते, हे २०१४ मध्ये हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी प्रयोगांतून दाखवलं. तिला एवढंच विचारा, ‘पहिली पकड कुठली घेणारेस?’

काय उत्तर देते, ते मला कळवा.