डावखुरी मुलगी आणि ‘लिटल मो’चा दाखला

प्रश्न : ताई, माझी मुलगी १० वर्षांची, डावखुरी. तिला पार्ल्यात टेनिसला घातलंय. सर म्हणतात, आत्ताच उजव्या हातावर आणा. मॉरीन कॉनलीसुद्धा डावखुरी होती, हात बदलला म्हणून चॅम्पियन झाली. हे खरं आहे का? काय करू?
– एक आई, विलेपार्ले (पूर्व)

उत्तर : सरांची माहिती बरोबर आहे. त्यावरून काढलेलं अनुमान मात्र मला पटत नाही.

मॉरीन, म्हणजेच टेनिसमधली ‘लिटल मो’, अमेरिकेतल्या सॅन डिएगोची. तिला घोडेस्वारी शिकायची होती, पण आईला ते परवडेना, म्हणून टेनिस. पहिले शिक्षक विल्बर फोल्सम यांनी तिला उजव्या हाताने खेळायला लावलं. डावखुऱ्या बाईला अव्वल होता येत नाही, अशी तेव्हा समजूतच होती. १९५१ मध्ये, सोळाव्या वर्षी ती अमेरिकेची विजेती झाली. पुढे सलग तीन विम्बल्डन. १९५३ मध्ये तर ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन, अमेरिकन, सगळ्या तिच्याच! एका वर्षात चारही जिंकणारी ती पहिली स्त्री, आणि चार स्पर्धांत मिळून सेट गमावला फक्त एक. त्यातला विम्बल्डनचा अंतिम सामना सोपा नव्हता हं. डोरिस हार्टला तिने ८-६, ७-५ असं हरवलं. तेव्हा टायब्रेक, म्हणजे ६-६ झाल्यावर सेटचा निकाल लावणारा एकच गेम, नव्हता. दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत झुंजायचं.

आता ती जिंकायची कशावर? बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवरून मारलेल्या खोल, जोरकस फटक्यांवर आणि पायांवर. नेटजवळ जाणं तिला फारसं आवडायचं नाही आणि सर्व्हिस त्या मानाने साधीच. ऑस्ट्रेलियाचा टेनिसपटू केन रोझवॉल, त्याचंही तसंच. जन्माने डावखुरा, खेळला उजव्याने. बॅकहँड अप्रतिम, सर्व्हिस बेताची. हात बदलल्याची किंमत सर्व्हिसमध्ये मोजावी लागते, असं माझं मत. सरांना हे आवडणार नाही, पण मॉरीन हात बदलल्यामुळे नव्हे, बदलूनही जिंकली.

डावखुऱ्यांबद्दलची ती समजूतही टिकली नाही. १९५४ मध्ये मॉरीनने शेवटचं विम्बल्डन जिंकलं, तेव्हा पुरुषांत जिंकला तो डावखुरा यारोस्लाव द्रोब्नी. बायकांत मात्र पहिली डावखुरी विजेती, अ‍ॅन जोन्स, १९६९ मध्ये आली. मला विचाराल तर त्याआधीच्या कितीतरी जणींचे हात शिक्षकांनीच बदलले असतील.

१९५४ चं विम्बल्डन मॉरीनचं शेवटचं म्हटलं, कारण त्याच वर्षी जुलैत घोड्यावरून फेरी मारताना ट्रकशी टक्कर होऊन तिचा उजवा पाय जायबंदी झाला. १९५१ च्या त्या विजयापासून नऊ मोठ्या स्पर्धा खेळली, नऊही जिंकली, आणि एकोणिसाव्या वर्षी खेळ संपला.

तुमच्या लेकीला डाव्यानेच खेळू द्या. प्रसाद उजव्या हाताने घ्यायला लावतो आपण, तेवढं पुरे. सरांना सांगा, बॅकहँड दोन्ही हातांनी शिकवा, म्हणजे उजव्या हातालाही काम मिळेल. आणि अ‍ॅड कोर्टातून, म्हणजे आपल्या डाव्या बाजूच्या अर्ध्या कोर्टातून, बाहेर वळणारी सर्व्हिस रोज टोपलीभर मारून घ्या. उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलींना ती बॅकहँडवर घ्यावी लागते आणि त्या कोर्टाबाहेर खेचल्या जातात. पावसाळ्यात कोर्ट बंद असेल तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमध्ये नुसता टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी चेंडू वर उडवायचा सराव केला तरी चालेल. वॉचमनशी आधी बोलून ठेवा.