सासूबाईंनी बोटं मोजली म्हणून

रामबागच्या लेकी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नवरा बडोद्याला नोकरीवर, तू इंदूरला माहेरी. दिवाळीत तो चार दिवस येऊन गेला, श्रावणात बाळ झालं. सासूबाईंनी बोटं मोजली आणि आता नवरा म्हणतो, "आधी डीएनए टेस्ट, मग खर्चाचं बघू." तू विचारतेस, टेस्ट करून एकदाची तोंडं बंद करू का? आई म्हणते, त्यांची दमडीही नको.

बाळा, दोन्ही नको.

लग्न कायम असताना जन्मलेलं मूल नवऱ्याचंच, असं कायदा मानतो. पूर्वी हे 1872च्या पुरावा कायद्यात कलम 112 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात 116 आहे. नाकारायचं असेल, तर गर्भ राहण्याच्या काळात तुमची गाठ पडणं शक्यच नव्हतं, हे त्याने सिद्ध करायचं. तो तर तुमच्याकडे फराळाला बसला होता! त्याचं अवंतिका एक्सप्रेसचं तिकीट, पाडव्याला ओवाळलंस तेव्हाचे फोटो, मेसेज, सगळं जपून ठेव.

नुसत्या संशयावर टेस्टचा हुकूम द्यायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1993मध्ये सांगितलं, 2023मध्ये पुन्हा बजावलं. मात्र 2014च्या एका निकालात, टेस्ट झालेली असताना त्याच न्यायालयाने कायद्याच्या या मानण्यापेक्षा अहवालाला जास्त वजन दिलं. म्हणून घरच्या बैठकीत, रडारडीत होकार देऊन बसू नकोस. वकिलाला विचारल्याशिवाय कशावरही सही नाही.

मला सगळ्यात लागलं ते दुसरंच. बाळाच्या दुधाच्या पैशाला अट घालतो तो!

आईचा स्वाभिमान मला कळतो. पण तो पैसा तुझा नाही, बाळाचा आहे. नाकारायचा हक्क तुलाही नाही, आजीलाही नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144खाली, म्हणजे बायको-मुलांच्या खर्चाच्या कलमाखाली, तू राहतेस तिथेच, इंदूरच्या फॅमिली कोर्टात अर्ज करता येतो. बडोद्याला खेटे घालायला नकोत. अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या खर्चाचा निर्णय नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत व्हावा, असं कायदाच म्हणतो. वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे वकील फुकट मिळतो, तिची कमाई विचारत नाहीत.

आज आधी एक कर. बाळाचा जन्मदाखला काढून त्यावर वडिलांचं नाव नीट लागलंय ना, ते बघ.

तुझी,
मावशी