पेन्शन विकून आलेले पैसे इन्स्टिट्यूटमध्ये टाकू का?

सार्जंट साहेब नमस्कार, तुमचा मेल दोनदा वाचला. 20 वर्षं एअरफोर्समध्ये एअरफ्रेम फिटर (विमानाच्या सांगाड्याची देखभाल), वय 40, आता नाशिकला घर, पेन्शन हातात 26 हजार, सगळं मिळून 34 लाख बँकेत पडून, आणि एका एएमई (विमान देखभाल इंजिनिअर घडवणाऱ्या) इन्स्टिट्यूटने 38 हजारावर शिकवायला बोलावलंय, वर म्हणतायत 12 लाख टाका, पार्टनर करतो.

शिकवायला जा. 12 लाख मात्र देऊ नका.

आता का ते सांगतो. त्या 34 मधले 12-13 लाख कम्युटेशनचे आहेत असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे ते बक्षीस नाही, तुमचीच पेन्शन तुम्ही आगाऊ उचललीय आणि त्यापोटी महिन्याला 11 हजाराच्या आसपास कापले जातायत, ते 15 वर्षं चालणार, 55व्या वर्षी पेन्शन पुन्हा पूर्ण होणार. तोपर्यंतची तूट या शिकवण्याच्या पगारानेच भरून काढायचीय, मग तीच रक्कम तिथेच अडकवली आणि इन्स्टिट्यूट बसली तर पगार पण गेला न पैसे पण. त्यात साधी पार्टनरशिप फर्म असेल तर फर्मचं कर्ज पार्टनरच्या घरापर्यंत येतं हो, हे कोणी चहा पिताना सांगत नाही.

जॉइन होण्याआधी डीजीसीएचं (सरकारची नागरी विमान वाहतूक नियामक संस्था) सीएआर-147 चं, म्हणजे असं प्रशिक्षण द्यायच्या परवानगीचं, अप्रूव्हल लेटर बघा, कुठल्या कॅटेगरीसाठी आहे, कधीपर्यंत आहे. ते नसेल तर उद्या पोरांचे आईबाप तुमच्याच दारात येतील, कारण वर्गात तोंड तुमचं दिसतं.

टॅक्सची काळजी नको. पेन्शन अधिक पगार वर्षाला पावणेआठ लाखाच्या आत, नवीन रिजीममध्ये शून्य. फक्त अपॉइंटमेंट लेटर एम्प्लॉयी म्हणून घ्या, "कन्सल्टंट" म्हणून घेतलं तर दहा टक्के टीडीएस कापतील, रिफंडच्या मागे फिरत बसाल, पीएफही नाही.

आता खरी गोष्ट, जी तुम्ही विचारलीच नाही. विमान देखभाल इंजिनिअरचं लायसन. एअरफोर्सचा अनुभव बी1.1 साठी (त्या लायसनची टर्बाइन इंजिनच्या विमानांची कॅटेगरी) धरतात पण त्यावर सिव्हिल हँगरमधला अनुभव लागतोच, आणि थोडा तरी अनुभव ताजा हवा, शिकवून तो मिळत नाही. म्हणून 10 वर्षं शिकवत बसलात तर 20 वर्षांचं काम शिळं होईल. माझं मत, दोन वर्षं शिकवा, लायसनच्या परीक्षेचं जे मॉड्यूल (विषय) पोरांना शिकवताय त्याचीच परीक्षा स्वतः द्या (75 टक्के लागतात, फुकटात रिव्हिजन होते), आणि मग एखाद्या एमआरओत (विमान दुरुस्ती-देखभाल कंपनीत) कमी पगारावर का होईना हँगरला उतरा. नागपूरला मिहानमध्ये आहे एक, बघा.

त्या काळासाठी 6 लाख एफडीत बाजूला ठेवा, त्याला हात लावायचा नाही. थोरल्याच्या कॉलेजचे 8 लाख वेगळे, तीन वर्षांनीच लागणारेत म्हणून शेअर बाजारात नकोत. उरलेले एकदम न टाकता दीड-दोन वर्षांत हळूहळू इंडेक्स फंडात. सीनियर सिटिझन स्कीमचं विचारलंत, माजी सैनिकांना 50 पासून मिळते, तेव्हा बघू.

टर्म इन्शुरन्स किती आहे ते मेलमध्ये लिहिलंच नाहीत. ते आणि ते अप्रूव्हल लेटर दोन्ही पाठवा, सहीच्या आधी.