डॅलस की मिसिसागा? आधी दवाखान्याचं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या डॅलसची नोकरीची ऑफर हातात आहे, कॅनडाची पीआरही (कायम राहण्याची परवानगी) आली आहे. डॅलसला पगार जास्त, टॅक्स कमी, वर कंपनीचा इन्शुरन्स. मग जिथे डॉक्टरची वेळ मिळायला महिने लागतात तिथे जास्त टॅक्स भरायला का जायचं? पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे आणि आई अधूनमधून येऊन राहणार, असंही तुम्ही लिहिलंय.

माझं उत्तर कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातलं मिसिसागा, आणि तेही मुख्यतः दवाखान्यामुळेच. नोकऱ्या, घरभाडं, थंडी यांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतील, म्हणून मी आरोग्याचंच बोलते.

कॅनडातली व्यवस्था आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यासारखी असेल असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. बहुतेक डॉक्टर स्वतःची प्रॅक्टिस करतात, हॉस्पिटलं बहुतांशी ना-नफा संस्था चालवतात. पैसे देणारा मात्र एकच, प्रांताचं सरकार. ओंटारियोत त्या योजनेला ओहिप म्हणतात. डॉक्टर तुम्हाला तपासतो आणि ठरलेल्या दराचं बिल ओहिपला पाठवतो. हॉस्पिटलला मुख्यतः सरकारकडूनच पैसे मिळतात. त्यामुळे कुठला डॉक्टर ‘नेटवर्क’मध्ये आहे ते शोधणं नाही, डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी आपण भरायची रक्कम) नाही, कॅशलेसची मंजुरी येईपर्यंत टीपीएच्या, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपनीच्या, खिडकीपाशी ताटकळणं नाही. एकच देणारा असला की कागदपत्रांचा पसाराही आटोपशीर राहतो. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार अमेरिकेत आरोग्यावरच्या खर्चातला साधारण 34 टक्के पैसा प्रशासनावर जातो, कॅनडात 17 टक्के. म्हणजे तिकडे दर तीन डॉलरमागे एक डॉलर औषधपाण्यावर खर्च होतच नाही.

माझ्या नवऱ्याच्या छातीत एका रात्री दुखू लागलं. अँब्युलन्सवाल्यांनी घरातच ईसीजी काढला आणि हॉस्पिटलला कळवलं. तिथे काउंटरवरच्या बाईंनी हेल्थ कार्ड घेतलं, पत्ता तोच आहे ना विचारलं, कसली ॲलर्जी आहे का विचारलं आणि मनगटाला पट्टी बांधली. पहाटेच्या आत अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसला होता. किती खर्च येईल, डिपॉझिट कोण भरणार, कुठला स्टेंट परवडेल, हे शब्दच कोणी काढले नाहीत. नंतर अँब्युलन्सचं 45 डॉलरचं बिल टपालाने आलं, आणि पार्किंगला थोडे पैसे गेले. पुण्यात माझ्या वडिलांच्या वेळी भाऊ डिपॉझिटची जुळवाजुळव करत सतत फोनवर होता, डॉक्टर काय सांगताहेत ते ऐकायलाही त्याला सवड नव्हती. इथे मी रात्रभर नवऱ्यापाशी बसू शकले. एवढं साधं सुख प्रत्येक घराला मिळायलाच हवं.

आता डॅलसचा ‘कंपनीचा इन्शुरन्स’. अमेरिकेत नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा 2024 मधला सरासरी हप्ता वर्षाला 25,500 डॉलरच्या वर होता. त्यातले सहा हजारांहून जास्त कर्मचाऱ्याच्या पगारातून कापले जात होते आणि बाकीचे कंपनी भरत होती. पण ते तरी कुणाचे? तुम्हाला पगारात मिळाले असते तेच. त्यानंतर डिडक्टिबल आणि कोपे (दर वेळी उपचाराला आपण द्यायचा वाटा) वेगळे. टॅक्स कमी म्हणताना हे आकडे समोर ठेवा.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे विमा नोकरीला बांधलेला आणि नोकरी व्हिसाला. माझ्या मावसबहिणीच्या नवऱ्याची अमेरिकेतली एच-वन-बी या कामाच्या व्हिसावरची नोकरी गेली तेव्हा ती सहा महिन्यांची गरोदर होती. दुसरी नोकरी शोधायला 60 दिवस. कोब्रा कायद्याखाली जुना विमा चालू ठेवता येतो, पण मग कंपनीचा वाटाही आपणच भरायचा, वर दोन टक्के. पगार थांबलेला असताना! त्यांनी साठवलेले पैसे मोडून तो भरला. बाळाची चाहूल लागलेल्या घरात ही चिंता असूच नये. इथे नोकरी गेली तरी हेल्थ कार्ड जात नाही.

हो, थांबावं लागतं, ते लपवण्यात अर्थ नाही. माझ्या गुडघ्याच्या एमआरआयसाठी कित्येक महिने गेले आणि ते दुखण्यातच गेले. सरकारी व्यवस्थेवर टीका करणारी फ्रेझर इन्स्टिट्यूट डॉक्टरांच्या सर्वेक्षणावरून दरवर्षी अहवाल काढते. 2024 मध्ये फॅमिली डॉक्टरने रेफर केल्यापासून उपचारापर्यंतचा मध्यक काळ तिने 30 आठवडे दिला. लाखो लोकांना फॅमिली डॉक्टरच नाही. हार्ट अटॅक किंवा बाळंतपण रांगेत थांबत नाही. गुडघा, खुबा, मोतीबिंदू मात्र थांबतात.

पण याचं खापर एकाच देणाऱ्यावर फोडणं मला पटत नाही. 1990च्या दशकात मेडिकलच्या जागा कमी केल्या गेल्या. परदेशात शिकलेल्या डॉक्टरांसाठी रेसिडेन्सीच्या (हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणाच्या) जागा अपुऱ्या. आपल्याकडचे एमबीबीएस झालेले लोक इथे भलतीच कामं करताना मी पाहिलेत. उपाय तिथे करायचा. त्याऐवजी ‘ज्यांना परवडतं त्यांना पैसे भरून पुढे जाऊ द्या’ असं म्हणणारे इथेही आहेत. ब्रिटिश कोलंबियात व्हँकूव्हरच्या एका खासगी शस्त्रक्रिया केंद्राने त्यासाठी मोठा खटला लढवला. 2020 मध्ये तो फेटाळला गेला, अपिलातही हरला, आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकायला नकार दिला. मला फार बरं वाटलं. पुण्यातलं पाहिलंय ना तुम्ही: मोठ्या सोसायट्या टँकर मागवू लागल्या की नळाच्या पाण्यासाठी भांडणारं वजनदार माणूस उरत नाही, आणि दवाखान्यातही तसंच, तेच डॉक्टर, त्याच नर्स पैसे भरणाऱ्यांच्या बाजूला जातात. आमदार, उद्योगपती आणि ट्रक चालवणारा एकाच रांगेत असले तरच रांग कमी करण्याची निकड सगळ्यांना वाटेल.

ही व्यवस्था आपोआप आलेली नाही. टॉमी डग्लस यांचा पाय लहानपणी हाडाच्या संसर्गाने कापायची वेळ आली होती. एका सर्जनने विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या निमित्ताने फुकट शस्त्रक्रिया केली म्हणून तो वाचला. असा योगायोग कुणाच्या वाट्याला येईल, कुणाच्या नाही, हे डग्लस विसरले नाहीत. ते सस्कॅचेवान प्रांताचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, झाले आणि 1947 मध्ये तिथे हॉस्पिटलचा सार्वजनिक विमा आला. 1 जुलै 1962 ला डॉक्टरांच्या फीचाही विमा सुरू झाला, तेव्हा डॉक्टरांनी 23 दिवस संप केला. सरकारने योजना मागे घेतली नाही. 1966 च्या केंद्रीय कायद्यानंतर ही पद्धत देशभर पसरली, आणि 1984 च्या कॅनडा हेल्थ ॲक्टमुळे या सेवांसाठी रुग्णाकडून वरचे पैसे घेऊ देणाऱ्या प्रांताचं केंद्राकडून येणारं अनुदान कापलं जाऊ लागलं.

काम अर्धवट राहिलंय, हेही खरं. हॉस्पिटलबाहेरची औषधं, दात, चष्मा हे बहुतेकांना ओहिपमध्ये मिळत नाही. नोकरीच्या बेनिफिट्समधून किंवा खिशातून भागवावं लागतं. म्हणून दातांची कामं पुण्यातच उरकून या, आणि ऑफर घेताना औषधांचं कव्हर किती ते विचारा. दातांसाठी आता केंद्राची योजना आहे, पण ती विमा नसलेल्या आणि 90 हजार डॉलरपेक्षा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांपुरती.

पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात सर्व्हिसओंटारियो या सरकारी सेवा केंद्रात जाऊन हेल्थ कार्डाचा अर्ज करा. पूर्वी तीन महिने थांबावं लागायचं, 2020 पासून ती अट नाही. ब्रिटिश कोलंबियात अजून आहे, तिथे गेलात तर तेवढ्या काळाचा खासगी विमा घ्याच. कार्ड येताच फॅमिली डॉक्टर मिळवून देणाऱ्या हेल्थ केअर कनेक्ट या सरकारी सेवेत नाव नोंदवा, दिवस राहायची वाट बघू नका. भारतात लांब मुक्काम करणार असाल तर बारा महिन्यांत 153 दिवस ओंटारियोत राहावं लागतं, हे ध्यानात ठेवा.

आईंचं स्पष्ट सांगते: पाहुणी म्हणून आलेल्या आईला ओहिप नाही. सुपर व्हिसासाठी (आई-वडिलांना लांब मुक्कामाला येता यावं म्हणून असलेला व्हिसा) निदान एक लाख डॉलरचा, वर्षभराचा खासगी विमा लागतो. बीपी, शुगर असेल तर ‘आधीपासूनचे आजार’ हे कलम शब्दन् शब्द वाचा; दावे तिथेच अडकतात. म्हणजे आईच्या बाबतीत तुम्हाला अमेरिकन पद्धतीचा अनुभव इथेही येईल.

पीआरवर मत देता येत नाही, पण एमपीपीला, म्हणजे इथल्या प्रांताच्या आमदाराला, भेटता येतं. औषधं आणि दातही कार्डावर यावेत आणि खासगी क्लिनिकांकडे आणखी शस्त्रक्रिया वळवू नयेत, या मागण्या घेऊन आम्ही काही मराठी घरं आमच्या एमपीपीच्या कार्यालयात जात असतो. मिसिसागाला आलात की कळवा, पुढच्या वेळी तुम्ही दोघंही चला.