लिबर्टेरियन राजकारण आणि डिजिटल गोपनीयतेचं काम करता करता प्रोग्रामिंग कुठून शिकायला घ्यावं?

तुमचा प्रश्न असा आहे: सरकारचा हस्तक्षेप कमीत कमी हवा म्हणणाऱ्या लिबर्टेरियन गटाच्या बैठका, पत्रकं आणि कायद्यांचं वाचन यांतून रोज जेमतेम तासभर उरतो. त्यात पायथॉन शिकावी की थेट रस्ट, आणि गोपनीयतेच्या कामाला ती कशी लावावी?

पायथॉन घ्या. रस्टची ओढ मी समजू शकतो. ‘सिग्नल’ या मेसेजिंग अ‍ॅपच्या एन्क्रिप्शनचा (किल्लीशिवाय वाचता येऊ नये असा मजकूर करण्याचा) गाभा रस्टमध्ये आहे, ओळख लपवून इंटरनेट वापरू देणाऱ्या टॉरचं नवं रूप ‘आर्टी’ही रस्टमध्येच लिहिलं जातंय. पण मेमरीची मालकी कोणाकडे, हे डोक्यात बसेपर्यंत रस्टचा कंपायलर (कोड तपासून चालवण्याजोगा करणारा प्रोग्राम) नवशिक्याला पुढे सरकू देत नाही. रोजच्या एका तासात महिना-दोन महिने त्यातच जातात आणि तोवर हाताशी वापरता येईल असं काहीच नसतं. रस्ट नंतर शिका.

मेसेंजर बनवायच्या फंदात पडू नका. तुमच्या गटाची सभासद यादी घ्या. बहुतेक गटांत ती एखाद्या एक्सेल फाइलमध्ये असते: नाव, मोबाईल, पत्ता, कधी कधी मतदार ओळखपत्राचा नंबरही, आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असते. सरकारने नागरिकाची माहिती गोळा करू नये म्हणणाऱ्यांनी आपल्याच माणसांची माहिती अशी उघड्यावर ठेवणं मला अजिबात पटत नाही. शिवाय हे काम शिकायला नेमकं योग्य आकाराचं आहे.

पहिले तीन आठवडे फक्त लिस्ट, डिक्शनरी, फंक्शन आणि सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी यादी) वाचणं-लिहिणं. सरावाला खरी यादी वापरू नका, खोट्या ५० नावांची बनवा. मग पायथॉनसोबतच येणारं एसक्यूलाइट घ्या, म्हणजे एकाच फाइलमध्ये मावणारा डेटाबेस. टेबल आखताना प्रत्येक रकान्याला विचारा: हा नसला तर कुठलं काम अडेल? जन्मतारीख सहसा उडतेच, पत्ताही तालुक्यापुरता पुरतो. नोंद कधी पुसायची, त्या तारखेचा एक रकाना मात्र वाढवा.

इथे हमखास होणारी चूक सांगतो. मोबाईल नंबर लपवायचा म्हणून लोक त्याचा शा-२५६ हॅश (नंबरावरून गणिताने काढलेला, उलट न फिरवता येणारा ठसा) साठवतात आणि निर्धास्त होतात. भारतातला मोबाईल नंबर १० आकडी, सुरुवात ६ ते ९ मध्ये. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. साधा लॅपटॉप पायथॉनमध्येही सेकंदाला साधारण १० लाख हॅश काढतो, म्हणजे सव्वा तासाच्या आत सगळ्या शक्यता तपासून होतात आणि पूर्ण यादी उघडी पडते. हा प्रयोग स्वतः करून बघाच. आधी शेवटचे सहाच आकडे अज्ञात धरा, सेकंद-दोन सेकंदांत उत्तर येईल. उपाय म्हणजे एचमॅक: हॅश काढताना गुप्त किल्ली मिसळायची आणि ती डेटाबेसपासून वेगळी ठेवायची. किल्ली बनवायला पायथॉनचं ‘रँडम’ मोड्यूल (यादृच्छिक आकडे देणारा तयार कोड) वापरू नका. त्याचे ३२ बिटांचे सलग ६२४ आकडे हाती लागले की पुढचे सगळे काढता येतात. त्यासाठी ‘सीक्रेट्स’ मोड्यूल आहे.

नंबर परत वाचायचा असेल, तर हॅश नको, एन्क्रिप्शन हवं. स्वतःचं रचू नका, ‘क्रिप्टोग्राफी’ या लायब्ररीतली (तयार कोडच्या संचातली) फर्नेट ही पद्धत वापरा. त्याची किल्ली ४४ अक्षरांची असते, दोन कागदांवर लिहून दोन घरांत ठेवता येते. हरवली तर यादी गेलीच. आणखी एक बारकावा: नोंद कधी एन्क्रिप्ट केली ती वेळ फर्नेटच्या मजकुरात उघडी राहते. सभासद कोणत्या आंदोलनानंतर जोडला गेला, हे त्यावरून कळू शकतं.

किल्ली कोडमध्ये लिहून गिटवर (कोडचे सगळे बदल जपून ठेवणाऱ्या साधनावर) चढवली, तर पुढच्या कमिटमध्ये (म्हणजे बदलाच्या पुढच्या नोंदीत) पुसून भागत नाही, ती इतिहासात राहते. लगेच किल्ली बदला आणि सगळा डेटा नव्याने एन्क्रिप्ट करा. कमिटमध्ये तुमचं नाव, ईमेल आणि टाइमझोनही जातो, तेव्हा पहिल्या कमिटआधीच गिटची सेटिंग तपासा.

मध्येच कंटाळा आला, तर सभेच्या फोटोंतलं लोकेशन काढणारी दहा ओळींची स्क्रिप्ट लिहा. पिलो या फोटो हाताळणाऱ्या लायब्ररीने फोटो उघडून नवी जेपेग म्हणून साठवला की एक्झिफ, म्हणजे लोकेशनसकट फोटोत दडलेली माहिती, निघून जातं. पण फोन कसा धरला होता ही नोंदही त्यातच असते, त्यामुळे काही फोटो आडवे पडतात. आधी पिलोतलं एक्झिफ ट्रान्सपोज (त्या नोंदीप्रमाणे फोटो सरळ करणारं फंक्शन) चालवा, मग साठवा.

राजकारणाशी याचं नातं जुनं आहे. फिल झिमरमन यांनी १९९१मध्ये पीजीपी हा ईमेल एन्क्रिप्ट करणारा प्रोग्राम लोकांच्या हाती दिला आणि अमेरिकी सरकारने निर्यातबंदीच्या कायद्याखाली त्यांची चौकशी लावली. १९९५मध्ये त्या प्रोग्रामचा सोर्स कोडच पुस्तक म्हणून छापला गेला, आणि चौकशी १९९६मध्ये बंद झाली. आपल्याकडे शेतकरी संघटनेत शरद जोशींनी बाजाराच्या बरोबरीने तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य मागितलं. ती मागणी बियाण्यापुरती का ठेवावी? सर्वोच्च न्यायालयाच्या २४ ऑगस्ट २०१७च्या पुट्टस्वामी निकालाने गोपनीयता मूलभूत हक्क ठरली. तरी २०२३च्या डेटा संरक्षण कायद्याचं कलम १७ वाचा, केंद्राला आपल्याच यंत्रणांना सूट देता येते. त्याच कायद्याच्या कलम ४४ने माहिती अधिकारातलं, खासगी माहिती देण्यातून सूट देणारं कलम ८(१)(ञ) बदललं, म्हणजे गोपनीयतेच्या नावाने सरकारी माहितीही झाकता येईल. नागरिकाची माहिती बंद आणि सरकारची उघडी, हे दोन्ही आग्रह एकत्र धरायला हवेत.

यादी तयार झाली की एक चाचणी घ्या. खोट्या यादीतली चार नावं, एन्क्रिप्ट न केलेली, डिलीट करा आणि डेटाबेसची फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून ती शोधा. बहुतेक वेळा सापडतील, कारण एसक्यूलाइट जागा मोकळी धरतं पण मजकूर तिथेच सोडतं. ‘सिक्युअर डिलीट’ (पुसलेल्या मजकुरावर शून्यं लिहिणारी एसक्यूलाइटची सेटिंग) चालू करा, एकदा व्हॅक्यूम (फाइल नव्याने लिहिणारी आज्ञा) चालवा आणि पुन्हा शोधा. मग जुने बॅकअप कुठे कुठे पडलेत ते बघा, नावं तिथेही असतील.