वाचकांचे प्रश्न : मक्याचा दाणा नेमक्या अंतरावर कसा पडेल?

प्रश्न : आमच्याकडे ट्रॅक्टरचे चार ओळींचे, तिरकस तबकडीचे टोकण यंत्र आहे. मका ६० × २० सेंमीवर पेरतो. कुठे दोन दाणे एकत्र पडतात, कुठे हातभर जागा मोकळी राहते. नांग्या भरण्यात, म्हणजे मोकळ्या जागी पुन्हा बी टोकण्यात, मजुरी जाते. हे यंत्र काढून न्यूमॅटिक (हवेच्या ओढीने दाणा उचलणारे) घ्यावे का?
— एक वाचक, ता. शिरूर

उत्तर : इतक्यात नको. आधी चूक नेमकी कुठे होते ते पाहा. पेरल्याबरोबर प्रत्येक ओळीत १० मीटर काकरी हळूच उकरा आणि दाण्यांमधली अंतरे टेपने मोजून लिहून घ्या. उगवण होईपर्यंत थांबलात तर न उगवलेला दाणा आणि न पडलेला दाणा यांतला फरक कळत नाही. १० सेंमीपेक्षा कमी अंतर म्हणजे जोडदाणा, ३० सेंमीपेक्षा जास्त म्हणजे खाडा. एकाच ओळीत खाडे असतील तर दोष त्या ओळीच्या बियाण्याच्या पेटीत आहे. पेटीतली फिरती तबकडी तिच्या कडेच्या खाचांत एकेक दाणा उचलून खाली सोडते. १२ खाचांच्या तबकडीत दर २.४ मीटरला खाडा दिसला तर एक खाच तुटलेली किंवा बुजलेली आहे.

आता तबकडी. पिशवीतले २०-२५ दाणे व्हर्नियरने (मिमीचे बारीक माप घेणाऱ्या मोजपट्टीने) मोजा. खाचेची लांबी सर्वांत लांब दाण्यापेक्षा साधारण १० टक्के जास्त हवी, खोली मात्र दाण्याच्या सरासरी जाडीइतकीच. दाणा साडेचार मिमी जाड आणि खाच ८ मिमी खोल असेल, तर एकावर एक दोन दाणे बसणारच. जोडदाण्यांचे मोठे कारण हेच असते आणि लोक उगाच वेगाला दोष देतात. संकरित मक्याचे दाणे पिशवीगणिक चपटे किंवा गोल असतात, म्हणून एकाच तबकडीवर दरवर्षी भागत नाही. भोसरीत सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या कापणी यंत्रावर) नायलॉनच्या तबकड्या कापून मिळू शकतात. नमुन्याला जुनी तबकडी आणि मूठभर बियाणे दोन्ही सोबत न्या.

खाडे पडण्यामागे बहुधा तबकडीचा वेग असतो. ताशी ४ किमी वेगाने २० सेंमीवर पेरताना दर सेकंदाला साडेपाच दाणे पडायला हवेत. १२ खाचांची तबकडी त्यासाठी मिनिटाला २८ फेरे घेते, २४ खाचांची फक्त १४. फेरे कमी झाले की खाच बियाण्याच्या ढिगातून सावकाश जाते आणि दाणा नीट बसतो. तबकडीचा व्यास १५ सेंमी असेल तर १२ मिमीच्या २४ खाचा बसतात, त्याहून लहान असेल तर १८ करा.

खाचा वाढवल्या की चेनचे स्प्रॉकेट (दातेरी चाके) बदलावेच लागतात. जमिनीवर फिरून चेनने तबकडी चालवणाऱ्या चाकाचा व्यास ५० सेंमी असेल तर परीघ १५७ सेंमी. चाकाच्या एका फेऱ्यात ८ दाणे पडले की अंतर १९.६ सेंमी येते. २४ खाचांना याचा अर्थ तबकडीचा एक तृतीयांश फेरा. पेटीतले बेव्हल गिअर (फिरण्याची दिशा वळवणारे तिरप्या दात्यांचे गिअर) एकास एक असेल तर चाकाच्या शाफ्टवर १४ दात्यांचे आणि तबकडीच्या शाफ्टवर ४२ दात्यांचे स्प्रॉकेट लावा. मात्र एकास एक आहे असे गृहीत धरू नका. खडूने खूण करून चाक हाताने दहा वेळा फिरवा आणि तबकडीचे फेरे मोजा.

बीजप्रक्रिया केलेले बियाणे सावलीत पूर्ण वाळवून मगच पेटीत टाका. ओलसर, चिकट बियाणे खाचेत अडकते. चिमूटभर टाल्क चोळले तरी फरक पडतो, पण हातमोजे घालूनच.

एवढे करूनही अंतर विस्कटत असेल तर पेटीखालची नळी पाहा. घड्यांची लवचिक नळी असेल तर दाणा आत आपटत, उड्या मारत खाली येतो आणि नेमका सुटलेला दाणाही पुढेमागे पडतो. आतून गुळगुळीत, खालचे टोक किंचित मागे वळलेली कडक नळी बसवा. आमच्या मते सगळ्यांत कमी खर्चात सगळ्यांत जास्त फायदा देणारी दुरुस्ती हीच.

प्रश्न : अंगणात चाक फिरवून मोजले तर दाणे बरोबर पडतात. शेतात मात्र अंतर वाढते. असे का?
— एक वाचक, ता. इंदापूर

उत्तर : चाक घसरते आहे. चाकावर खडूची खूण करा आणि शेतात दहा फेऱ्यांत यंत्र किती अंतर गेले ते मोजा. ५० सेंमी व्यासाचे चाक न घसरता १५.७ मीटर जाते. १७ मीटर भरले तर सुमारे ८ टक्के घसरण आहे आणि तुमचे १९.६ सेंमीचे अंतर २१.२ सेंमी होते. चाकाला नखे (जमिनीत रुतणाऱ्या पट्ट्या) लावा, दाबाची स्प्रिंग घट्ट करा आणि हायड्रॉलिकने यंत्र उचलून धरलेले नाही ना हे पाहा, कारण तसे झाले की चाक तरंगते. ढेकळे फोडून घ्या. वाफसा नसताना पेरू नका. चाकाला सगळीकडून एक सेंमी चिखल चिकटला तरी परीघ १६३ सेंमी होतो, म्हणजे अंतर आणखी ४ टक्के वाढते. राहिलेली घसरण धरून मगच स्प्रॉकेट ठरवा. सैल चेन आणि झिजलेले दातेही तपासा. चेन दात्यावरून उसळली की लागोपाठ खाडे पडतात.

प्रश्न : सोयाबीनला ४५ × ५ सेंमी असेच नेमके अंतर साधता येईल का?
— एक वाचक, ता. जुन्नर

उत्तर : तबकडीने नाही. ताशी ४ किमी वेगाला सेकंदाला २२ दाणे लागतात, तेवढ्या वेगात एकेक दाणा उचलला जात नाही. १० सेंमीवर दोन दाणे पडतील अशा खाचा ठेवा, वेग ताशी ३ किमीवर आणा आणि खोली ३-४ सेंमीपलीकडे जाऊ देऊ नका. सोयाबीनचे टरफल नाजूक असते. खाचेची कड धारदार असेल तर दाणा फुटतो, म्हणून ती कानसीने गोल करून घ्या.

प्रश्न : न्यूमॅटिक घेतलेच तर काय पाहावे?
— एक वाचक, ता. दौंड

उत्तर : मक्याच्या चकतीची छिद्रे साधारण साडेचार ते पाच मिमीची हवीत. ज्वारीसाठी सुमारे दोन मिमीची वेगळी चकती लागते. पीटीओ (यंत्राला ताकद देणारा ट्रॅक्टरचा मागचा शाफ्ट) मिनिटाला ५४० फेऱ्यांवर सतत राहिला पाहिजे. बांधाला वळताना इंजिनाचा वेग पडला की हवेची ओढ कमी होते आणि ओळीच्या सुरुवातीलाच खाडे येतात. जोडदाणे दिसले तर आधी छिद्राजवळची खरवडणी (जादा दाणा झाडून टाकणारी पट्टी) जुळवा. सगळ्या ओळींत खाडे दिसले तर पाइप आणि सील कुठे हवा सोडतात ते शोधा.