बारा वर्षांच्या ज्युदोपटूला ‘हाय-इंटेन्सिटी’ झेपतं का?

“मॅडम, क्लासमध्ये सर हल्ली घड्याळ लावून सर्किट, म्हणजे लागोपाठ जोरदार व्यायाम, करून घेतात. त्याने उंची खुंटेल का? हृदयावर ताण येईल का?” बारा वर्षांच्या ज्युदोपटूच्या आईचा हा प्रश्न. मुलगा गुडघ्याखाली दुखतंय म्हणायचा, रात्री लवकर झोपायचा नाही आणि आवडता क्लास टाळू लागला होता.

उंचीची भीती सोडा. व्यायामाने उंची खुंटत नाही. भरपूर व्यायाम आणि अपुरं जेवण एकत्र आलं, तर मात्र वाढ मंदावू शकते. निरोगी मुलाचं हृदय थोड्या सेकंदांचा जोर आरामात पेलतं. पकडापकडी खेळतानाही मुलं अशीच धावतात, थांबतात. पण व्यायाम करताना छातीत दुखलं, शुद्ध हरपली किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर सराव थांबवून आधी डॉक्टर.

मग त्याचा आठवडा कागदावर मांडला. क्लासमध्ये चार दिवस तबाता, म्हणजे 20 सेकंद जोर, 10 सेकंद विश्रांती, 8 फेऱ्या. लगेच रांदोरी, म्हणजे जोडीदाराशी मोकळी सराव-झुंज. घरी बाबांच्या देखरेखीखाली रोज 50 बर्पी, म्हणजे खाली हात टेकून पाय मागे टाकायचे आणि उठून उडी मारायची. त्यात स्पर्धा तोंडावर, म्हणून वजनगटात बसायला रात्रीचं जेवण निम्मं. प्रत्येकाने आपापल्या परीने भलंच चिंतलं होतं, बेरीज मात्र कुणीच केली नव्हती.

तबाता ही पद्धत जपानच्या स्पीड स्केटिंग संघाच्या सरावातून आली, मोठ्यांसाठी. मुलांच्या उचिकोमीत, म्हणजे न फेकता फेकीसाठी पुन्हा पुन्हा आत शिरण्याच्या सरावात, 10 सेकंदांची विश्रांती अपुरी पडते, ती दमासाठी नव्हे, तंत्रासाठी. थकल्यावर बाही ओढणारा हात सैल पडतो, पाठ वाकते, सेओइ-नागेत, म्हणजे खांद्यावरून फेकण्याच्या डावात, गुडघा तातामीवर (मॅटवर) आपटतो. आणि पुन्हा पुन्हा केलेलं तेच अंगवळणी पडतं.

सरांशी बोलून ठरलं ते असं. जोराचा सराव आठवड्यातून दोनदाच, मध्ये किमान 48 तास. आधी 10-12 मिनिटं वॉर्मअप आणि उकेमी, म्हणजे इजा न होता पडण्याचा सराव. मग 20 सेकंद उचिकोमी, 40 सेकंद सावकाश चालणं, अशा 6 फेऱ्या. 3 मिनिटं थांबून आणखी एक संच. थकलेल्या अवस्थेत फेकायचं नाही, फक्त आत शिरायचं. हात सैल पडला की फेरी तिथेच संपली, घड्याळात सेकंद उरले असले तरी. दर 20 मिनिटांनी पाण्याचे काही घोट, तहान लागायची वाट न पाहता.

बर्पी बंद. बाबांना हे पटायला वेळ लागला, ते साहजिकच होतं. गुडघ्याचं दुखणं डॉक्टरांनी ऑसगुड-श्लॅटर असल्याचं सांगितलं. वाढीच्या वयात नडगीच्या वरच्या टोकाला मांडीचा स्नायू सतत ओढ देतो, तेव्हा हे होतं. उड्या आणि गुडघ्यावर बसणं काही काळ कमी केलं.

वजनाबाबत आम्ही तडजोड करत नाही. जपानच्या ज्युदो महासंघाने 2022 मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच रद्द केली, आणि जिंकण्याच्या हट्टापायी मुलांना वजन घटवायला लावणं हे त्यामागचं एक कारण होतं. आपल्याकडे तर बारा वर्षांच्या मुलासाठी वरच्या वजनगटात खेळणं हा सोपा पर्याय आहे. रात्री पोटभर जेवण, 9 तास झोप, आणि सकाळी उठल्यावर एक मिनिट नाडी मोजून वहीत नोंद. नेहमीपेक्षा ती 8-10 ठोक्यांनी जास्त आली, की त्या दिवशी फक्त तंत्र. वही मुलानेच लिहायची, आईने नव्हे.